मिनिटाला तीस शब्द आणि दोन जीबी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बावीस! परत बावीस. आठ दिवस झाले, स्पीड बावीसवर रुतून बसलाय. पाहिजे तीस.

अल्लाबक्ष सर म्हणाले, "अवधूतराव, बोटं सुटी सोडा. पान्हा धरल्यासारखी धरू नका." आता वीस वर्षं पान्हाच धरला, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरल्या, तर बोटं पान्ह्यासारखीच राहणार! पण बोललो नाही. सर सत्तरीचे आहेत. संगमनेरातल्या अर्ध्या कारकुनांना त्यांनी टायपिंग शिकवलंय, टाइपरायटर होते तेव्हापासून. राजेश्वरीलासुद्धा. मला मुद्दाम तिच्याच खुर्चीवर बसवतात. "मॅडम इथंच बसायच्या." त्यांना वाटतं मला बरं वाटेल. मला नको असतं ते.

परीक्षा अठरा डिसेंबरला. तिसरी खेप. दोनदा आपटलोय. मार्चअखेर सर्टिफिकेट ऑफिसात जमा झालं नाही तर नोकरी जाणार. आणि नोकरी माझी नाहीच मुळी. राजेश्वरी गेली, म्हणून बायकोच्या जागेवर अनुकंपाखाली मला घेतलं. मी घालवली तर तिची गेली. पोरीची, अनन्याची अकरावी-बारावी, पुढचं कॉलेज, सगळं त्यावर आहे.

हे सगळं मला पाठ आहे, तरी लिहितोय. लिहिताना निदान दहा मिनिटं एका जागी बसवतं.

५ नोव्हेंबर

ऑफिसातला शिपाई बन्सी आज चहा ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊसाहेब, मॅडम टाइप करायच्या ना, लाह्या फुटल्यावानी आवाज यायचा. आन् तुमचं म्हंजी..." पुढं बोललाच नाही. बोलला असता तर परवडलं असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडला! चोर सापडला!

बोटं नाहीत, कॉम्प्युटर आहे. घरचा हा डबा राजेश्वरीनं २०१० मध्ये घेतला होता. सरांनी सरावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय त्यात. वरच्या अर्ध्या स्क्रीनवर उतारा, खालच्या अर्ध्यात आपण टाइप केलेलं. मी बटणं दाबतोय आणि खाली काही नाही. कोरं! चार-पाच शब्द झाले की अक्षरं धाडकन एकदम येतात. मग मी थांबतो, ती येईपर्यंत वाट बघतो, परत सुरू करतो. असा थांबत थांबत माणूस तीसला पोचेल कसा?

अनन्याला दाखवलं. तिनं कुठलीतरी खिडकी उघडून पाहिलं. "बाबा, रॅम फक्त दोन जीबी आहे. माझ्या मोबाईलला याच्या तिप्पट आहे. सगळं पोटात मावत नाही त्याच्या, म्हणून अडतो."

किती दिवसांनी बरं वाटलं! दोष माझा नाही, हे ऐकायला मी तरसलो होतो. उद्या शनिवार, सुट्टी. उघडतोच.

८ नोव्हेंबर, शनिवार

माती केली. स्वतःच्या हातानं.

सकाळी कॅबिनेट उघडलं. दीड वर्षानं हातात स्क्रूड्रायव्हर आला. हात शिवशिवतच होते. आत धूळ किती! पंख्यावर नुसता गोधडीसारखा थर. हवा मारली, ब्रशनं झाडलं. मदरबोर्डवर शेजारी शेजारी दोन खाचा, त्यांत रॅमच्या दोन पट्ट्या, एकेक जीबीच्या. काढल्या. खालच्या कडेला बारीक पिवळे दात होते, मळलेले. मनात म्हटलं, हेच! कॉन्टॅक्ट खराब झालाय. स्टार्टरचा कॉन्टॅक्ट काळा पडला की आपण काय करतो? पॉलिश पेपर घेतला आणि घासले. छान, मन लावून, दोन्ही पट्ट्यांचे, दोन्ही बाजूंनी. लखलखीत पांढरे होईपर्यंत.

बसवल्या. बटण दाबलं. टीं—टीं—टीं. स्क्रीन काळी. काढल्या, बसवल्या, अदलाबदल केली. टीं—टीं—टीं.

अनन्या दारात उभी. "बाबा, तो आईचा होता." बस, एवढंच. आत गेली. जेवायला आली, पण ताटाकडे बघूनच जेवली.

९ नोव्हेंबर

बाजारपेठेतल्या परवेझच्या दुकानात गेलो. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. त्यानं उचलल्या, उजेडात धरल्या.

"काका, हे घासलं कुणी?"

"मीच."

"कशानं?"

सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले क्षणभर. "काका, दातांवर सोन्याचा मुलामा असतो. केसापेक्षा पातळ. तुम्ही तो खरवडून टाकला! खोडरबरनं पुसतात हो. शाळेतल्या पोरांच्या." मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं. दोघं हसले. मीही हसलो. काय करणार? मोटारीच्या धंद्यात वीस वर्षं कुणी मला हसलं नव्हतं.

जुन्या जातीची रॅम आहे, आता सहज मिळत नाही. नाशिकहून मागवतो म्हणाला. चार दिवस लागतील. दोन-दोन जीबीच्या दोन सांगितल्या. त्यावर म्हणाला, "चार जीबी लावली तरी ह्या जुन्या विंडोजला सव्वातीनच दिसणार." मग उरलेली पाऊण कुठं जाते? "जात नाही काका, आहे तिथंच असते. फक्त त्याला दिसत नाही." मला हे काही झेपलं नाही.

११ नोव्हेंबर

परवेझकडे चक्कर. आली नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी चक्कर, संध्याकाळी चक्कर. परवेझ म्हणाला, "काका, आली की मीच फोन करीन." पायात भिंगरी असल्यासारखं झालंय. ऑफिसात खुर्चीवर पाच मिनिटं टिकत नाही, उठून फाइलींचं कपाट लावत बसतो. ते आता इतकं नीट लागलंय की कुणाला काही सापडत नाही! क्लासचा एक तास सोडला तर सराव बंद. छत्तीस दिवस उरलेत.

रात्री जेवताना अनन्याला म्हटलं, टेबलावर बोटं आपटून सराव करू का? ती हसली नाही. पूर्वी हसली असती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लागली रॅम! आणि पळतोय!

या वेळी अनन्याला सोबत घेतलं. तिनं टॉर्च धरला. परवेझनं समजावल्याप्रमाणे खाचेतली खूण जुळवली, दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. क्लिपा आपोआप आत वळल्या. कट् आवाज झाला. दुसरी पट्टी तिला लावू दिली. पहिल्याच झटक्यात बसली. मोटारवाल्याची पोरगी आहे शेवटी! बटण दाबलं. एकच टीं, आणि स्क्रीन उजळली.

बोट उचलायच्या आत अक्षर हजर! मी उगाच 'कमल नमन कर' दहा वेळा टाइप केलं. अनन्यापण वाकून बघत होती. या टेबलाशी आम्ही दोघं एकत्र असे दोन वर्षांत पहिल्यांदाच उभे राहिलो असू. खूप आनंद झाला मला. लिहून ठेवतो, कारण तो टिकत नाही.

१७ नोव्हेंबर

एकोणीस.

काहीतरी चुकलं असेल मोजण्यात.

१८ नोव्हेंबर

अठरा. काही चुकलेलं नाही, चुकतोय तो मी!

प्रकार असा. आता अक्षर लगेच दिसतं. दिसतं म्हणून मी बघतो. बघतो म्हणून चूक दिसते. चूक दिसली की हात मागं जातो, खोडतो, परत टाइप करतो. तोवर वरच्या उताऱ्यात कुठं होतो तेच हरवतं. पूर्वी खाली काही दिसतच नव्हतं, तर निदान बावीस होते.

सरांना सांगितलं. म्हणाले, "खाली बघू नका."

म्हटलं, "सर, डोळे आपोआप जातात."

"मोटार भरताना हाताकडे बघता?"

"नाही. हाताला कळतं."

"मग?"

क्लासमधल्या माझ्या स्क्रीनच्या खालच्या अर्ध्यावर त्यांनी वर्तमानपत्र चिकटवलं. घरीपण तसंच करा म्हणाले. केलं. दहा मिनिटांत काढून टाकलं. खाली काय उमटलंय हे बघितल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

२० नोव्हेंबर

सतरा. नवीन रॅम, नवीन स्पीड. सगळं पुढं चाललंय, मी मागं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दारात जीप थांबली. अकोल्याकडच्या बायडाबाई, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक! जीपमधून दोघांनी मोटार उतरवली आणि ठेवली सरळ पायरीवर.

"दादा, तुमी सायेब झाला म्हनं. व्हा की! पर माझी मोटार कुनी भरायची? तिकडं एकाकडं भरून घेतली, तर आठ दिसांत जळाली. गव्हाला पानी न्हाई, मान टाकलीया त्यानं."

म्हटलं, मावशी, दुकान बंद आहे. मी सरकारी नोकर. परीक्षा आहे माझी.

"व्हय, द्या की परीक्षा. मी कुटं न्हाई म्हन्ते? सोमवारी येती मोटार न्यायला." आणि जीपमध्ये बसून गेल्यासुद्धा!

मोटार पायरीवर. मी आत. उतारा सुरू केला, पण कान पायरीकडे. आज स्पीड मोजलाच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलोच शेवटी. अकोले रोडवरचं दुकान. शटर गंजून अडकलं होतं, दोघांनी मिळून वर ढकललं. अनन्या म्हणाली, मी येते. आली.

सकाळी साडेसातला बसलो ते संध्याकाळी सहाला उठलो. जळकी तार तोडून काढली, खाचा साफ केल्या, कागद घातले. अनन्यानं तांब्याच्या तारेचं रीळ धरलं, मी कॉइल गुंडाळत होतो, ती वेढे मोजत होती. माझंही मोजणं मनात चालूच असतं. दोघांचा आकडा प्रत्येक वेळी जुळला! दुपारी तिथंच भेळ खाल्ली. वॉर्निश लावलं, बल्ब टाकून वाळवली, मग लाइन दिली. मोटार गुंगुं करत फिरली. कान लावला. आवाज स्वच्छ. बायडाबाईंचा गहू वाचला.

अनन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही शीळ वाजवत होतात."

"मी? कधी?"

"सकाळपासून."

मला पत्ताच नाही. राजेश्वरी चिडायची शिळेवर. 'शेजारी काय म्हणतील' म्हणायची. गेल्या दोन वर्षांत वाजवल्याचं आठवत नाही.

येताना स्कूटरवर अनन्या माझ्या पाठीला डोकं टेकून बसली. मला वाटलं दमली असेल. घरी आल्यावर मात्र माझंच मन मला खायला लागलं. आख्खा रविवार घालवला! सात उतारे झाले असते. पंचवीस दिवस राहिलेत आणि हा माणूस शीळ घालतोय. पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून आलो, कॉम्प्युटर लावला. परत तेच! बटणं दाबतोय, खाली कोरं. मग धाडकन पाच शब्द. नऊ दिवस घोड्यासारखा पळाला आणि आज परत बैलगाडी!

डोक्यात तिडीक गेली. परवेझला फोन. तो नगरला बहिणीच्या सासरी, लग्नाला. मागं बँड वाजत होता. "काका, चालू होतोय ना? होतोय ना? मग परीक्षा होईपर्यंत हात लावू नका. प्लीज!"

स्क्रूड्रायव्हर काढला. तर अनन्या मध्ये उभी राहिली. "तुम्ही नका उघडू. मागच्या वेळी काय झालं? मी बघते." मला चहा करायला पाठवलं. चहा घेऊन आलो तर झाकण लावत होती. "सगळं ठीक आहे आत." म्हटलं, पट्ट्या हलल्या असतील. "नाही हलल्या, बाबा."

मग झालं तरी काय? धूळ? व्होल्टेज? की काल कपड्यांवरून तांब्याचा कीस आला आणि आत पडला? तसंच असणार. दुकानात गेल्याची शिक्षा!

२५ नोव्हेंबर

सरांपुढे सगळं ओकलो. रॅम, विंडोज, तांब्याचा कीस. सरांनी ऐकून घेतलं. मग हात पुढं केला.

"स्क्रूड्रायव्हर आहे ना खिशात? द्या."

होताच खिशात. दिला.

"परीक्षा झाली की घेऊन जा. आणि तोवर कॉम्प्युटरचं झाकण उघडणार नाही, असा शब्द द्या मला. तुम्ही यंत्र बरं करायला बसलात की टायपिंग राहतं."

शब्द दिला. अपमानच आहे, पण खोटं नाही बोलले ते.

२८ नोव्हेंबर

आज रागाच्या भरात वाट बघितलीच नाही. अक्षरं येवोत न येवोत—डोळे वरच्या उताऱ्यावर, आणि बडवत सुटलो. खाली बघून करायचं काय, काही नसतंच! उतारा संपला, हात मांडीवर ठेवले. अक्षरं मागाहून आली, रांगेनं, जत्रेतनं परतल्यासारखी.

चोवीस. चुका फक्त तीन.

१ डिसेंबर

पंचवीस.

४ डिसेंबर

सव्वीस, सव्वीस, सत्तावीस. सर मागं उभे राहून बघत होते. क्लासच्या स्क्रीनवरचं वर्तमानपत्र कधी गळून पडलं, माझ्या लक्षातच आलं नाही. तरी मी वरच बघत होतो.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही सर. घरचा कॉम्प्युटर बिघडलाय अजून."

"मग बिघडलेलाच राहू द्या," सर म्हणाले. पूर्वी मशीनवर बोटं दिसू नयेत म्हणून ते लाकडी झाकण ठेवायचे म्हणे. राजेश्वरी त्या झाकणावरून त्यांच्याशी भांडली होती! दोन दिवस क्लासला आली नव्हती. मला हे कधी सांगितलं नाही तिनं. मला वाटायचं ती जन्मतःच लाह्या फोडत आली.

घरी येताना प्रवरेच्या पुलावर थांबलो. तिची फार आठवण आली. भांडल्याचं सांगितलं असतंस, तर मी काय हसलो असतो?

९ डिसेंबर

अनन्याला आनंदानं सांगितलं, अठ्ठावीस! ती म्हणाली, "एवढ्या स्लो कॉम्प्युटरवर?"

"तर काय!"

तिचा चेहरा पडला. कौतुक राहिलंच बाजूला. मला राग आला. तिच्यासाठी मरमर करायची आणि तिला त्याचं काहीच नाही. या वयाची पोरं कशी असतात कोण जाणे. राजेश्वरीला कळलं असतं.

१३ डिसेंबर

तीस! तीस! दोन वेळा!

मग तिसऱ्यांदा सव्वीस. चौथ्यांदा बसलोच नाही. गच्चीवर फेऱ्या मारल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

हॉल तिकीट, आधार कार्ड, दोन फोटो, पेन. पेनचं काय काम? असू दे. पहाटेची एसटी धरायची. केंद्र नगरला, सावेडीत आहे.

अनन्यानं डबा आत्ताच भरून ठेवला. मग म्हणाली, "बाबा, नापास झालात तरी चालेल हां."

ओरडलो तिच्यावर! निघायच्या वेळी असं बोलतात का? कोण चालवून घेणार आहे? तुझी फी? तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं. आता झोप येत नाही. सकाळी तिच्याशी नीट बोलून निघेन.

१८ डिसेंबर

सकाळी ती झोपलेली होती. बोलणं झालं नाही.

एसटीत तीन तास. लोणीपर्यंत मांडीवर बोटं चालवली. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. सावेडीला ऑटोनं केंद्रावर. पोरं-पोरी सगळी विशी-बाविशीची. एकानं मला परीक्षक समजून नमस्कार केला!

वीज होती, कॉम्प्युटर नवे होते, झटपट चालणारे. म्हटलं, आता डोळे खाली जाणार. सात मिनिटं सुरू झाली. आजूबाजूनं खोडायच्या बटणाचा खटखट आवाज—सगळे मागं जातायत, पुन्हा येतायत. पलीकडची मुलगी 'अरे देवा, अरे देवा' म्हणत होती. माझे डोळे वर. ओळीवर ओळ. खाली काही नाहीच, असं धरून चाललो होतो. घरी खाली कुठं काय असतं?

वेळ संपली. तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं. सगळं होतं तिथं.

२ जानेवारी २०२६

निकाल नाही.

१२ जानेवारी

निकाल नाही. बन्सी रोज विचारतो. आज विचारलं नाही, तर मीच जाऊन त्याला सांगितलं की निकाल नाही.

२७ जानेवारी

मार्चअखेरला दोन महिने. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "अवधूतराव, मुदतवाढ मिळणार नाही." माहीत आहे. मुदतवाढ नाही म्हणणारं आस्थापनेचं ते पत्र मीच टाइप केलंय. चूक एकही नव्हती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पास!!! पास!

मराठी तीस, पास! चुलत बहीण सुमेधाचा फोन आला, तिनंच साइटवर बघितलं. मला नंबर धड टाकताच येईना. ऑफिसात बन्सीनं टेबलावर थाप मारली. "भाऊसाहेब, आता पक्कं! आता मॅडमची खुर्ची कुनी हलवू शकत न्हाई." ते ऐकून डोळे भरले. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सरांकडे गेलो. पाया पडलो. त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढून दिला, कागदात गुंडाळलेला. वर माझं नाव लिहिलं होतं.

अनन्याला सांगितलं. "अभिनंदन, बाबा." मिठी मारली. मग बराच वेळ सोडलं नाही तिनं. रडत होती. मला वाटलं, आनंदानं.

८ फेब्रुवारी, रविवार

शब्द सुटला म्हणून सकाळी झाकण उघडलं. म्हटलं, आता तरी बघू बिघाड काय होता. धूळ नाही. तांब्याचा कीस नाही. रॅमच्या दोन खाचा—एकीत पट्टी, दुसरी रिकामी.

मी विचारायच्या आत अनन्याच उठली, आतून कंपासपेटी घेऊन आली. कोनमापकाखाली चॉकलेटच्या चांदीत नीट गुंडाळलेली दोन जीबीची पट्टी होती. दुकानातून आलो त्या रविवारीच काढली होती, मी अंघोळीला गेलो तेव्हा.

"मला वाटलं कॉम्प्युटर अडला की तुम्ही नापास व्हाल," ती म्हणाली. "मग दुकान परत उघडाल."

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, हे सगळं अनन्यासाठी. तिला एकदाही विचारलं नव्हतं.